नागिणीला औषध आहे, पण ते तीन दिवसांत घ्यावं लागतं



गेल्या रविवारी प्रवचन सुटल्यावर स्थानकाच्या पायऱ्यांवर चपला शोधताना एक वाक्य कानावर आलं. "नागिणीला डॉक्टरी औषध नसतं गं. उगाच पैसे घालवू नकोस. जुन्नरच्या वरच्या अंगाला एक जण उतरवून देतात, तिकडे घेऊन जा त्यांना." सांगणाऱ्या बाई पंचाहत्तरीच्या. ऐकणारी चाळिशीची, बी.कॉम. झालेली, घरी गाडी, सासऱ्यांचा मेडिक्लेम. तिने मान डोलावली आणि फोनमध्ये नंबर लिहून घेतला.

मी तिथेच बोलायला हवं होतं. मोठ्या माणसांपुढे तोंड कसं उघडायचं म्हणून गप्प बसले. तो गप्प बसण्याचा दोष माझा. म्हणून आज लिहिते आहे, आणि थोडं रागाने लिहिते आहे, ते आधीच सांगून ठेवते.

नागिणीला औषध आहे. अ‍ॅसायक्लोव्हिर, व्हॅलासायक्लोव्हिर, फॅमसायक्लोव्हिर अशी त्यांची नावं. डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यायच्या गोळ्या आहेत. यांतली अ‍ॅसायक्लोव्हिर तर आपल्या सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही आहे. म्हणजे काही दुर्मीळ, परदेशातून मागवायची वस्तू नव्हे. अट एकच. अंगावर पुरळ दिसल्यापासून साधारण 72 तासांच्या आत त्या सुरू झाल्या, तर त्यांचा खरा उपयोग होतो. आणि हेच तीन दिवस आपण दुसरीकडे घालवतो. माझं भांडण या तीन दिवसांसाठी आहे.

आमच्या घरी काय झालं ते सांगते. आमच्या सासूबाईंना आम्ही सगळे 'बाई' म्हणतो. दोन वर्षांपूर्वीच्या चातुर्मासात त्यांच्या डाव्या बाजूला, पाठीपासून छातीखालपर्यंत आग व्हायला लागली. वर काहीच दिसत नव्हतं. आम्ही पित्त म्हटलं, मग उसण भरली म्हटलं, बाम चोळला. तिसऱ्या दिवशी लाल चट्टे आले आणि त्यावर पाण्याने भरलेले बारीक फोड, पट्ट्यासारखे. शेजारच्या काकूंनी बघताक्षणी सांगितलं, "नागीण आहे. तोंडाला शेपूट मिळायच्या आत उतरवा, नाहीतर माणूस हाती लागत नाही."

त्या एका वाक्याने घर हादरलं. दूर्वा आणि तांदूळ वाटून लेप लावला. गेरू लावला. दुसऱ्या दिवशी आम्ही बाईंना गाडीत घालून पश्चिमेकडच्या एका वाडीत घेऊन गेलो. तिथल्या माणसाने मंत्र म्हटला, फोडांच्या दोन्ही टोकांना शाईने आडव्या रेघा मारल्या आणि परवा पुन्हा या म्हणून सांगितलं. पैसे घेतले नाहीत, फक्त नारळ. त्या माणसावर माझा राग नाही. त्याच्या वडिलांनी त्याला जे शिकवलं ते तो करत होता. राग आहे तो आमच्यावर. मंचरचं उपजिल्हा रुग्णालय, घोडेगाव, जुन्नर आणि नारायणगावची ग्रामीण रुग्णालयं, शिवाय गल्लोगल्ली खाजगी दवाखाने असताना आम्ही त्या सगळ्यांना वळसा घालून डोंगराकडे गेलो.

पाचव्या दिवशी माझी नणंद पुण्याहून आली. ती अक्षरशः भांडून बाईंना डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर ओरडले नाहीत. नवे फोड अजून येताहेत म्हणून गोळ्या सुरू करतो म्हणाले, पण हेही म्हणाले की दोन दिवस आधी आला असता तर बरं झालं असतं. फोड वाळले, खपल्या पडल्या, डाग राहिले. आग मात्र गेली नाही. ती चौदा महिने राहिली.

चौदा महिने म्हणजे काय, हे घरात बघितल्याशिवाय कळत नाही. ब्लाउजचा काठ लागला तरी बाई कळवळायच्या. पंख्याचा वारा सहन व्हायचा नाही. चाळीस वर्षं रोज सामायिक करणाऱ्या बाईला 48 मिनिटं एका जागी बसणं अशक्य झालं. त्या रडायच्या त्या दुखण्याने कमी आणि सामायिक होत नाही म्हणून जास्त. नसांच्या दुखण्यावरच्या गोळ्या दिल्या की झोप यायची, तोल जायचा, म्हणून संडासला जाताना कुणीतरी बरोबर हवं.

आता ही नागीण म्हणजे नेमकं काय, ते थोडं समजून घ्या, कारण इथेच सगळी गाठ आहे. लहानपणी आपल्याला कांजिण्या येतात. फोड जातात, ताप जातो, पण तो विषाणू शरीरातून जात नाही. पाठीच्या कण्याजवळ नसांची जी मुळं असतात तिथे तो झोपून राहतो, चाळीस-पन्नास वर्षंसुद्धा. वय झालं, मधुमेह असला, मोठं आजारपण झालं, प्रतिकारशक्ती खाली आली की तो जागा होतो आणि एखाद्या नसेच्या वाटेने कातडीपर्यंत येतो. म्हणून आधी आग आणि मग फोड. म्हणून तो पट्टा. इंग्रजीत याला शिंगल्स म्हणतात, डॉक्टर चिठ्ठीवर हर्पिस झोस्टर लिहितात. झोस्टर म्हणजे ग्रीक भाषेत कमरपट्टा. आणि गंमत बघा, हर्पिस हा शब्द ज्या ग्रीक धातूवरून आला त्याचा अर्थ सरपटणं, आणि आपला 'सर्प' शब्द त्याच्याच कुळातला आहे. म्हणजे नाव ठेवताना ग्रीकांना आणि आपल्या आज्यांना सुचलं एकच. नाव चुकीचं नाही. त्या नावावर विसंबून केलेला उपाय चुकीचा आहे.

तोंडाला शेपूट मिळालं की माणूस जातो, हे कुठून आलं असेल? मला जे कळलं ते असं. शरीराच्या उजव्या बाजूची नस उजवीकडेच राहते, डावीकडची डावीकडे. मधल्या रेषेपाशी ती संपते. त्यामुळे नागिणीचा पट्टा जवळजवळ नेहमीच अर्ध्या अंगापुरता असतो. तो गोल फिरून स्वतःला मिळत नाही, मंत्र म्हणा की न म्हणा. शाईची रेघ मारली नसती तरी तो तिथेच थांबला असता! आणि ज्यांची प्रतिकारशक्ती पार ढासळलेली असते, त्यांच्या अंगभर क्वचित फोड पसरतात आणि ते खरंच धोक्यात येतात. अशी एक घटना तालुक्यात झाली की पुढची पन्नास वर्षं ती सांगितली जाते.

मंत्राने गुण आल्याचा अनुभव तरी खोटा कसा म्हणायचा, असं तुम्ही विचाराल. खोटा नाही, पण त्याचं श्रेय चुकीच्या खात्यावर जमा होतं. नागिणीचे फोड आठ-दहा दिवसांत आपोआप वाळायला लागतात आणि दोन ते चार आठवड्यांत खपल्या पडून जातात. काहीच केलं नाही तरी. तिकडे दोन फेऱ्या झाल्या, तिसऱ्या फेरीला खपली धरली, की नागीण उतरली. पण त्या काळात विषाणूने नसेचं जे नुकसान केलं ते खपलीबरोबर पडत नाही. ते पुढे महिनोन् महिने आग होऊन राहतं, आणि तेव्हा आपण त्याला नागीण म्हणत नाही, 'वयाचं दुखणं' म्हणतो. जेवढं वय जास्त, तेवढा हा धोका जास्त.

त्या पंचाहत्तरीच्या बाईंवरही मी फार रागावू शकत नाही, कारण त्यांचं वाक्य एके काळी खरं होतं. त्या नववधू होत्या तेव्हा नागिणीला खरोखरच औषध नव्हतं. अ‍ॅसायक्लोव्हिर 1970 च्या दशकात अमेरिकेत बरोज वेलकम कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झालं आणि 1980 च्या दशकात वापरात आलं. त्या कामाच्या मागे गर्ट्रूड एलियन नावाची बाई होती. ती पंधरा वर्षांची असताना तिचे लाडके आजोबा कॅन्सरने गेले आणि तिने औषधं शोधायचं ठरवलं. बाई म्हणून तिला प्रयोगशाळेत नोकरी मिळेना. पीएच.डी. तिची कधी पूर्ण झाली नाही. 1988 साली तिला नोबेल मिळालं. आपल्या मुलींना सांगण्यासारखी गोष्ट आहे, म्हणून मध्येच घुसवली.

हे औषध करतं काय? विषाणू आपल्या पेशीत शिरून स्वतःच्या प्रती काढत सुटतो. त्यासाठी त्याच्याकडे स्वतःचं एक विकर असतं. अ‍ॅसायक्लोव्हिर त्याच विकरामुळे जागं होतं, म्हणजे मुख्यतः विषाणू शिरलेल्या पेशीतच काम करतं आणि प्रती काढायची साखळी तोडतं. निरोगी पेशींना फारसा त्रास होत नाही. आता तीन दिवसांची अट का, हे लक्षात येईल. प्रती काढायचा धुमाकूळ पहिल्या दिवसांतच असतो. तो संपल्यावर कारखान्याला कुलूप लावून काय मिळणार?

खोटं आश्वासन मी देणार नाही. या गोळ्यांनी विषाणू शरीरातून कायमचा जात नाही. नंतरचं दुखणं हमखास टळतंच असंही नाही. पण फोड लवकर भरतात, सुरुवातीची आग कमी होते, आणि नागीण डोळ्याजवळ असेल तर डोळ्याचं मोठं नुकसान टाळता येतं. कपाळावर, पापणीवर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड दिसला तर तीन दिवसांचा हिशेबसुद्धा करू नका, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. कानाजवळ फोड आणि तोंड वाकडं झालं तरी तसंच. आणि चौथा-पाचवा दिवस उजाडला म्हणून घरी बसू नका. नवे फोड येत असतील तर डॉक्टर तेव्हाही गोळ्या देतात, आमच्या बाईंना दिल्या तशा.

मेडिकलमधून परस्पर मलमाची ट्यूब आणून चोळणाऱ्याही पुष्कळ आहेत. नागिणीवर त्या मलमाचा उपयोग नाही. विषाणू नसेत आहे, तुम्ही कातडीवर लावताय.

आता आपल्या घरांतली खास अडचण. ही कुठल्या डॉक्टरांच्या लक्षात येत नाही आणि आपण सांगत नाही. अ‍ॅसायक्लोव्हिरचा नागिणीसाठीचा नेहमीचा डोस 800 मिलिग्रॅमची गोळी, दिवसातून पाच वेळा, सात ते दहा दिवस. साधारण दर चार तासांनी. चातुर्मासात आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास मावळतो. सकाळी नवकारसी पाळून पहिली गोळी, आणि चौविहाराच्या आत शेवटची. पाच बसणारच नाहीत. आमच्या बाईंना आधी याच गोळ्या दिल्या होत्या. त्यांनी काय केलं असेल? रोज तीन घेतल्या आणि दोन डबीत परत ठेवल्या. कुणाला सांगितलं नाही. सातव्या दिवशी मी डबी उघडली तर निम्मा कोर्स तसाच. डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, "अहो, आधी सांगायचं ना! व्हॅलासायक्लोव्हिर दिलं असतं."

व्हॅलासायक्लोव्हिर पोटात गेल्यावर अ‍ॅसायक्लोव्हिरच होतं, पण ते अंगात जास्त मुरतं, म्हणून तीनच वेळा पुरतं. दर आठ तासांनी. म्हणजे तरीही एक गोळी सूर्यास्तानंतर येतेच. इथे माझं म्हणणं स्पष्ट आहे. चौविहाराच्या पच्चक्खाणात आपण रोज जे आगार उच्चारतो, त्यात सव्वसमाहिवत्तियागार आहे की नाही? चित्ताची समाधी टिकावी म्हणून ठेवलेली सवलत. ती सूत्रकारांनी कशासाठी ठेवली? आपण पाठ म्हणतो आणि अर्थाला हात लावत नाही. तुमचा नियम काय आहे ते महासतीजींना विचारा, तिविहार करता येईल का विचारा, आणि डॉक्टरांनाही सांगा की आमच्याकडे असे नियम आहेत. दोघांनाही विचारा. फक्त गोळी गुपचूप डबीत परत ठेवू नका.

पाण्याचंही तसंच आहे. हे औषध मूत्रपिंडातून बाहेर पडतं. पाणी कमी पडलं तर तिथे त्याचे खडे धरू शकतात. म्हणून या दिवसांत चौविहार उपवास करायचा नाही, भरपूर पाणी प्यायचं. उकळलेलं पाणी चालेल, हरकत कसली? मूत्रपिंडाचा त्रास असलेल्या माणसाने तर ते आधी सांगायलाच हवं, त्यांचा डोस कमी करावा लागतो. वयस्कर माणसांचंही रक्त तपासून ठरवतात. कॅप्सूल आहे का, असंही विचाराल. आपल्याकडे साधारणपणे साध्या गोळ्याच मिळतात.

"असातावेदनीय कर्माचा उदय आहे, समभावाने भोगायचा." हेही ऐकलं. समभावाबद्दल वाद नाही. पण कर्माबरोबर काळ, स्वभाव, नियती आणि पुरुषार्थ असे पाच समवाय आपणच पाठशाळेत शिकलो ना? मग औषधाच्या वेळी पुरुषार्थ कुठे गेला? आणि कर्म म्हणून भोगायचंच होतं, तर मंत्र म्हणायला गाडी काढून का गेलो? भगवती सूत्रात रेवती श्राविकेची कथा आहे. खुद्द भगवान महावीरांनी सिंह अणगाराला पाठवून तिच्याकडचा बिजोरापाक औषध म्हणून मागवला होता. भगवंतांनी औषध घेतलं, आणि आपण कोण औषध नाकारणारे?

दुसरी गोष्ट बोलायला जरा अवघड आहे, पण बोलते. बाईंच्या चिठ्ठीवर 'हर्पिस' शब्द बघून माझ्या एका भाच्याने मोबाईलवर शोधलं आणि त्याचा चेहराच बदलला. त्याला तिथे गुप्तरोगाची माहिती दिसली. सत्तर वर्षांच्या बाईंची चिठ्ठी दोन दिवस लपवून ठेवली गेली. या घराण्यात विषाणू अनेक आहेत. नागिणीचा वेगळा. ताप गेल्यावर ओठावर फोड येतात तो वेगळा, तो आपल्यापैकी कितीतरी जणींना लहानपणीच घरच्या माणसांकडून मिळालेला असतो. आणि जननेंद्रियांवर येतो तो यांच्याच कुळातला. गोळ्या मात्र तिघांवरही हल्ली याच, डोस वेगळा. आणि तो तिसरा आजार जरी एखादीला झाला, तरी तिला आरोपी करू नका. तो विषाणू वर्षानुवर्षं काही न दाखवता अंगात राहू शकतो. आज फोड आले म्हणून आजकालचं काही सिद्ध होत नाही. तिला लवकर औषध मिळालं तर त्रास कमी होतो, पुन्हा पुन्हा आला तरी उपाय आहे, आणि ती गरोदर असेल तर डॉक्टरांना कळणं बाळाच्या जिवासाठी गरजेचं आहे. कुजबुजीने यातलं काहीच होत नाही.

नागिणीच्या फोडातलं पाणी लागून दुसऱ्याला नागीण होत नाही, पण ज्याला कांजिण्या आलेल्या नाहीत त्याला कांजिण्या होऊ शकतात. तेव्हा फोड वाळेपर्यंत ते झाकून ठेवा, आणि गरोदर सुनेला, तान्ह्या बाळाला लांब ठेवा. आम्ही वाडीत गेलो तेव्हा ओट्यावर एक पोटुशी पोर बसली होती, आणि तो माणूस एकाच हाताने सगळ्यांना रेघा मारत होता. ते आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

जुन्नर तालुका सापांचा. ऊस, ओढे, दगडी ताली, सगळीकडे. साप चावला की माणसाला देवळात किंवा मांत्रिकाकडे न्यायचं, ही इथली जुनी रीत. नारायणगावच्या डॉ. सदानंद राऊत यांनी सर्पदंशावर वर्षानुवर्षं काम केलं, गावोगाव जाऊन सांगितलं, आणि आज साप चावला की आपल्याकडचा शेतकरीसुद्धा आधी दवाखाना म्हणतो. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यातही कुत्रा, साप, विंचू चावल्यावर उपचार रोखून मंत्रतंत्र करणं हा गुन्हा ठरवला आहे. म्हणजे खऱ्या सापासाठी आपण सुधारलो, आणि जो साप नाहीच, त्याच्यासाठी मांत्रिकाकडे चाललो आहोत! आणि हे कोण करतं, तर जे रोज प्रतिक्रमणात मिथ्यात्वाबद्दल क्षमा मागतात ते.

पन्नाशीनंतर घ्यायची लसही आता 2023 पासून आपल्या देशात मिळते, दोन डोसांची. महाग आहे. घ्यायची की नाही ते आपापल्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. माझ्या यजमानांची झाली, माझा दुसरा डोस व्हायचा आहे.

त्या रविवारच्या बी.कॉम. झालेल्या मैत्रिणीचा नंबर माझ्याकडे होता. सोमवारी सकाळी फोन केला. तिच्या सासऱ्यांचा तो दुसरा दिवस होता. ती थोडी नाराज झाली, "मोठ्यांनी सांगितलंय, कसं डावलू" म्हणाली. मी म्हटलं, मंत्राला उद्या जा, आज दवाखान्यात जा. दुपारी तिचा मेसेज आला, गोळ्या सुरू झाल्या म्हणून. चौविहाराचं डॉक्टरांना सांगितलंस का, असं मी उलट विचारलं. नाही म्हणाली. पुन्हा फोन करायला लावला.

जिनाज्ञेविरुद्ध काही लिहिलं गेलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्. मांत्रिकाबद्दल लिहिलेलं मात्र तसंच राहू द्या.